जोडा घातलेलं चाक

रविवार, २ एप्रिल १९४४

पुढचा टायर गेला! बगलेला बोटभर चीर. आलूरच्या वाटेवर गारगोटी लागली असणार. सगळ्या मुरुम गावच्या सायकली मी नीट करतो आणि माझी स्वतःची अशी! सहलीला तीन दिवस राहिलेत, आणि आता हे.

नवा टायर मिळणं शक्य नाही. लढाई सुरू झाल्यापासून रबर औषधाला नाही. तहसीलीत माझी परवान्याची दरखास्त सहा महिने पडून आहे. सायकल दुकानदाराची दरखास्त कोण वाचतो? परवाना सरकारी नोकराला. माझ्या दोस्ताला, बब्रुवानला, गेल्या साली मिळाला, तो सरकारी शाळेत मास्तर म्हणून. टायर मीच बसवला त्याच्या पुढच्या चाकाला. बसवताना पोटात दुखलं होतं माझ्या. इथं खोटं कशाला लिहू.

शेवटी जुना जोडा फाडला. चामडं पातळ तासलं, चिरेवर आतून अस्तर म्हणून धरलं, मेणाच्या दोऱ्यानं शिवलं. शेवटी माझी खूण — तीन टाके उभे, वर एक आडवा. माझ्या हातचं काम असंच ओळखायचं. बाहेरनं काजळी आणि तेल चोपडलं. आता वरून बघणाऱ्याला कळत नाही.

संध्याकाळी मास्तर आला, चाक उघडंच होतं. लई हसला. "चाकाला जोडा घातलास व्हय रे गुरुलिंगा! दुसऱ्या पायाला कुठाय?" मग एकदम मास्तरकी चढली अंगात. "हे बघ, सपाटीला चालंल. उतारावर ह्याच्यावर बसायचं न्हाय. खाली उतरून चालायचं. लिंगाची शपथ घे."

घेतली शपथ. बोलायला काय जातंय!

मंगळवार, ४ एप्रिल

बांधाबांध. घोंगडी गुंडाळून हँडलला. कॅरिअरवर धपाटे, शेंगाची चटणी, तांब्या, धोतर. पूजेचं सामान वेगळ्या फडक्यात. पाना, पंप, ठिगळाचं रबर, सोल्यूशनची अर्धी नळी — ती चटणीपेक्षा जपून ठेवली. वजन खाली आणि मागं. पुढं जड झालं की मुरमात चाक रुततं. मास्तरनं पुस्तकं आणली होती दोन. "वाचणार कधी?" म्हटलं, आणि दोन्ही काढून ठेवली.

वर्षभर ठरवत होतो. मुरुमहून नळदुर्ग, तुळजापूर, धाराशिव, तिथून येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैती यात्रेला. परत येताना बेंबळीवरून, मास्तरचं घर आहे तिथं. त्याच्या आईच्या नावानं देवीला जाऊन यायचंय, तिला आता झेपत नाही. मला काय, मला रस्ता पाहिजे!

दुकान वीरप्पा बघणार, माझा मेव्हणा, शिवगंगेचा भाऊ. शिवगंगा धपाटे बांधून देताना म्हणाली, "होगरी, होगरी, जावा. दोन चाकं असली की तुम्हाला घर लागतच नाही." खरंय. वाईट वाटलं. थोडंच.

गुरुवार, ६ एप्रिल. धाराशिव

काल नळदुर्गात मुक्काम, आज तुळजापूरचा घाट चढून इथं, प्रेमाबाई मावशीच्या घरी. मांड्या भरून आल्यात. पण मजा! पहाटेचं गार वारं, मोकळा रस्ता, चाकाखाली मुरमाची सर्रसर्र. दुसरं काही नको मला.

मास्तरला अजून मुरमाचा रस्ता कळत नाही. तीन वर्षांमागं मीच त्याला सायकल शिकवली, पण शाळेच्या पटांगणात. दिवसभर ओरडत होतो. हँडल आवळू नको, धर सैल, चाक आपली वाट काढतं. मागं सरकून बस. पुढच्या ब्रेकला हात लावशील तर तोंडावर पडशील. वळायचं ते अंग कलवून, हँडल फिरवून नाही. शिकला बरंच. पण एक खोड जात नाही. घडीघडी मागं वळून बघतो — मी आलो का! तेही एक हात सोडून! "अरे बाबा, मुरमावर मागं बघायचं नसतं! मागचा मेला का जिवंत आहे ते खाली गेल्यावर बघायचं!" हसतो. "बरं गुरुजी" म्हणतो. पुढच्या वळणाला पुन्हा मान मागं.

शुक्रवार, ७ एप्रिल. येरमाळा

आज लाज गेली. धाराशिव सोडल्यावर दोन मोठे उतार. शपथेप्रमाणं उतरलो आणि सायकल हातात धरून चाललो. मास्तर भर्रकन खाली! यात्रेच्या गाड्या चालल्या होत्या. गाडीतली एक बाई म्हणाली, "अगं बया, सायकल ह्यांच्यावर बसायची का हे सायकलीवर?" सगळी गाडी हसली. दुसऱ्या उताराला पुन्हा तीच गाडी. मी, गुरुलिंग सायकलवाला, ज्याच्यासारखा उतार मुरुम गावात कुणी उतरत नाही, तो चालत! आणि ज्याला मी शिकवलं तो खाली झाडाखाली बसून माझी वाट बघतोय, तांब्या पुढं करतोय.

पाणी घेतलं. पण गोड लागलं नाही.

शनिवार, ८ एप्रिल. चैत्री पौर्णिमा

मुंगीला शिरायला जागा नाही. मास्तर दर्शनाला रांगेत. आम्हा लिंगायतांत देवीचं एवढं नाही, मी आमराईत सायकली राखत बसलो. दिवसभर दोन पुढची चाकं शेजारी शेजारी. रस्त्याची धूळ बसून दोन्ही सारखीच दिसतात.

रविवार, ९ एप्रिल

केलं. लिहून टाकतो, नाहीतर पोटात राहील.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी इथं चुन्याच्या रानात लोक चुनखडी वेचतात. देवीच्या देवळाला चुना लागतो, त्याला प्रत्येकानं हातभार लावायचा, पाच खडे का होईना. मास्तर गेला. हजारो माणसं रानात वाकलेली. मी आमराईत एकटा. दिवसाढवळ्या.

दोघांच्या सायकली एकाच कंपनीच्या. पाना काढला. दोन नट त्याचे, दोन माझे. त्याचं पुढचं चाक माझ्या सायकलीला, माझं जोडा घातलेलं त्याच्या सायकलीला. ब्रेकच्या दांड्या सारख्या केल्या. शेजारचा म्हातारा विचारतो, "बिघाड झाला का?" म्हटलं, "व्हय." दोन नट आवळायला कितीसा वेळ! चिलीम ओढून संपायच्या आत झालं.

मनाला सांगितलं, मास्तर हलका आहे, त्याच्याखाली ते अस्तर टिकंल. माझं वजन जास्त. मुरुमला पोचलं की बदलून टाकू, त्याला कळणारसुद्धा नाही. सगळं सांगून बघितलं मनाला. मला परतीचे उतार बसून उतरायचे होते, एवढंच खरं.

मास्तर आला, हात कोपरापर्यंत पांढरे. म्हणाला, "आईच्या नावानं पाच येचले, अन् तुझ्याबी नावानं पाच. म्हटलं देवी, ह्याचं चाक तेवढं घरापतुर नीट जाऊ दे." खरंच म्हणाला असं! मी पंप शोधायला लागलो, हातातच होता.

सोमवार, १० एप्रिल. धाराशिव

परत मावशीकडं. रस्ताभर त्याच्या मागं राहिलो. त्याचं पुढचं चाक बघत. खड्डा आला की माझाच हात ब्रेकवर जायचा. माझी सायकल मात्र लोण्यावरून चालल्यासारखी. असं असतं तर चांगल्या टायराचं! आणि तसल्यातही मला मजा आली, हे लिहायला हात धजत नाही. वाटेत दोन उतार लागले, दोन्ही बसून उतरलो.

मास्तर खाली थांबला होता. "शपथ घेतलीस न्हवं? उतर की लेका!"

"बघितलं मी. अस्तर पक्कं बसलंय," म्हटलं.

त्यानं माझ्या चाकाकडं बघितलं.  पुढं विहिरीवर पाणी प्यायला थांबलो, मी तांब्या भरून आलो तर हा स्वतःच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलेला.  "काय रे?" "काही न्हाय. खडा अडकला हुता." तिथून धाराशिवपर्यंत गप्प. ऊन लागलं असंल. एरवी कविता म्हणतो पोरांच्या पुस्तकातल्या, मोठ्या आवाजात.

मंगळवार, ११ एप्रिल. सकाळ

पूजा झाली. कसली पूजा! लिंग तळहातावर, डोळे मिटलेले, आणि डोळ्यापुढं चाक. बाहेर पान्याची खटखट, मग पंपाचा आवाज. रोज मी पूजेला बसलो की मास्तर दोन्ही सायकलींना हवा भरतो, नट आवळतो. शिष्य आहे ना माझा! आणि मी त्याला काय दिलं?

सांगून टाकायचं. आज बेंबळीला पोचतो. त्याच्या आईच्या हातचं जेवण झालं की सांगतो.

निघायचंय. मास्तर हाक मारतोय.

बुधवार, १२ एप्रिल. बेंबळी

मास्तरचा पाय मोडला.

 बेंबळीच्या अलीकडं एक उतार आहे, लांबलचक, वर सैल मुरूम, खाली ओढा. काल सकाळपासून माझी सायकल पुढून धडधडत होती. म्हटलं, रस्ता खराब. म्हटलं, गाढवा, चाक चांगलं आहे, तुझीच छाती धडधडतीये. खाली बघायचा धीर नव्हता. मला त्या चाकाकडं बघवतच नव्हतं.

उताराच्या तोंडाशी मास्तर थांबला. म्हणाला, "म्या पुढं होतो. तू चालत ये गुरू. हितं तरी ऐक माझं." डोळ्यात डोळे घालून म्हणाला. त्या वेळी मी म्हणायला पाहिजे होतं — अरे, तू उतर, जोडा तुझ्या चाकाला आहे! ओठावर आलं. तोंड उघडलं आणि म्हटलं काय? "हां, हां. हो पुढं." एवढंच! लई मोठा उतार शिकवणारा मी!

तो निघाला. मागं सरकून, हँडल सैल, सगळं मी शिकवलं तसं. सुरेख चालला होता. आणि मी? चालत जायचं सोडून टांग टाकली. खाली कुणी गाडीवाले नव्हते, हसणारं कुणी नव्हतं, तरी टांग टाकली. का, ते मलाच ठाऊक नाही.

मध्यावर गेलो आणि माझी सायकल खडखडायला लागली. त्याला ऐकू गेलं. मान मागं, एक हात सुटला. "गुरू, उतर! उतर म्हनतो न्हवं!" तेवढंच. पुढचं चाक आडवं झालं, मुरूम उडाला, आणि तो सायकलीसकट कडेच्या दगडावर. मी त्याच्या अंगावरूनच जायचा, कसाबसा निसटलो, खाली जाऊन थांबलो.

त्याचं पुढचं चाक हवा जाऊन बसलेलं, रिम वाकडी. अस्तर सुटलं असणार. मी उघडून बघितलं नाही. बघायचं काय त्यात? माझ्याच हातानं शिवलं, माझ्याच हातानं त्याच्याखाली घातलं. आणि तो बिचारा स्वतःच्या मरणावर बसून मला उतर म्हणत होता!

उजवी नडगी दोन ठिकाणी. हाड दिसत नव्हतं, पण पाय नको तिथं वळला होता. तो ओरडला नाही. मीच ओरडत होतो. कडबा नेणारी गाडी आली, तिच्यात घातला.

गुरुवार, १३ एप्रिल

गावातले कोंडीराम हाडं बसवतात. चौघांनी मास्तरला धरलं, मी डोकं धरलं. बांबूच्या कामट्या, कापड, कसला तरी लेप. मास्तरचा घाम माझ्या मनगटावर. कोंडीराम म्हणाले, "पाय येईल. सरळ येतो का आखूड, ते दीड महिन्यानं बघू. हालचाल केली तर माझ्या नावानं बोंबलायचं न्हाय."

आखूड आला तर? रोज उभं राहून शिकवणारा माणूस. बत्तीस वर्षांचा.

त्याची आई, द्वारकाबाई. मला वाटलं शिव्या देईल. मला शिव्या पाहिजे होत्या. तिनं आधी माझ्यापुढं ताट ठेवलं. "खा लेकरा. दोन दिस झालं, तुझ्या पोटात काय न्हाय. तू हुतास म्हणून माझं पोरगं घरला आलं." पाठीवरनं हात फिरवला. भाकरीचा तुकडा तोंडात घोळत राहिला. पाण्याबरोबर उतरवला.

शनिवार, १५ एप्रिल

मास्तर जरा शुद्धीत. ओसरीवर बाज टाकलीये. म्हणाला, "चूक माझी रे. मागं बघितलं. तू कितींदा सांगितलंस मागं बघू नको म्हणून." आणि हसला!

बोल, बोल, आता बोल — असं मन ओरडत होतं. मी म्हटलं, "पड गप." बाहेर येऊन गोठ्यात बसलो. त्याचे चुलते दगडोबा, त्यांच्या गोठ्यात दोन्ही सायकली भिंतीला टेकवलेल्या आहेत. तिकडं पाठ करून बसलो.

सोमवार, १७ एप्रिल. मुरुम

पोचलो. काही चालत, काही बैलगाडीनं. सायकल बेंबळीतच ठेवली. मास्तर चालेपर्यंत मी सायकलीवर टांग टाकणार नाही. ही शपथ कुणी घ्यायला लावलेली नाही.

गुरुवार, २० एप्रिल

गावात झालंय की मी मास्तरला वाचवलं! पाठीवर घालून आणला म्हणे बेंबळीपर्यंत! नागप्पा किराणेवाल्यांनी रस्त्यात थांबवून हात धरला, "मित्र असावा तर असा." कडब्याची गाडी होती, असं सांगितलं. तर म्हणाले, "बघा, किती नम्र!"

मंगळवार, २५ एप्रिल

गिऱ्हाइकावर खेकसलो. ब्रेक ढिला म्हणून आला होता बिचारा. वीरप्पा बघत राहिला.

शुक्रवार, २८ एप्रिल

एका पंक्चरवाल्याचा टायर उघडला, आत माझे टाके. तीन उभे, एक आडवा. दोन सालापूर्वीचं काम, अजून शाबूत. टायर तसाच ठेवला आणि दुकानाच्या फळ्या लावल्या, भर बाजाराच्या दिवशी. शिवगंगा धावत आली. "काय झालं? ताप आहे का?" हो म्हटलं. कपाळाला हात लावून बघितला तिनं. गार.

मंगळवार, २ मे

शिवगंगेला सांगितलं. सगळं. ती तांदूळ निवडत होती. निवडायची थांबली नाही. माझं बोलून झालं. म्हटलं, काहीतरी बोल.

"मला कशाला सांगता? पाय माझा मोडलाय का?"

मग सूप बाजूला ठेवलं. "कमलबाईनं मागच्या संक्रांतीला माझ्या हातात बांगड्या भरल्या होत्या. मी आता तिच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ, ते सांगा." कमलबाई म्हणजे मास्तरची बायको.  रात्री जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही. रोज बसते.

रविवार, ७ मे

जावं म्हणून फाट्यापर्यंत गेलो. परत आलो. पाय दुखतो म्हणून सांगितलं वीरप्पाला. माझा पाय!

सोमवार, १५ मे

बेंबळीचा एक माणूस इकडं कामाला आला होता, मास्तरचा निरोप. "गुरूला म्हणावं, आंब्याच्या दिवसात माणूस असा लपत न्हाय." शाळेचा इन्स्पेक्टर विचारत होता म्हणे, मास्तर जूनमध्ये उभा राहील का, नाहीतर दुसरा नेमतो.

दुसरा नेमला तर मास्तर मुरुमला कशाला येतोय! तिकडंच राहील. माझ्या दुकानासमोरच्या बाकड्यावर बसून रोज पेपर कोण वाचून दाखवणार? इथंही स्वतःचाच विचार केला बघ. त्याची नोकरी जातीये आणि मला बाकड्याची पडलीये. हरामखोर!

रविवार, २१ मे

शिवगंगा सकाळी म्हणाली, "परवा दीड महिना होतो. कामट्या सोडतील." धपाटे बांधले होते तिनं. दोन पुरचुंड्या, एक माझी, एक कमलबाईला. "जा आता. आणि परत येताना तोंड घेऊन या."

मंगळवार, २३ मे. बेंबळी

कामट्या सुटल्या. कोंडीरामांनी दोन्ही टाचा जुळवून बघितल्या, लई वेळ. बोटभर फरक. "जोड्यात चामड्याचा थर घाला, कळणारबी न्हाय," म्हणाले. चामड्याचा थर! मला हसावं का रडावं, कळेना. कमलबाईनं पदर तोंडात धरला. मास्तर काठीवर उभा राहिला, दोन पावलं टाकली, तिसऱ्याला माझ्या खांद्यावर आला. काडीसारखा झालाय पाय.

बुधवार, २४ मे

सांगितलं.

ओसरीवर दोघंच होतो. द्वारकाबाई रानात, कमलबाई पाण्याला. मी जमिनीकडं बघून एका दमात बोललो. आमराई, पाना, चार नट, शेजारचा म्हातारा. उतार बसून उतरायचे होते म्हणून. उताराच्या तोंडाशी ओठावर आलं आणि गिळलं, तेही. "तू पाच खडे वेचत होतास माझ्या नावानं, आणि मी तुझं चाक काढत होतो. तुझा पाय मी मोडला, मास्तर. मागं बघितल्यामुळं नाही. ते अस्तर सुटल्यामुळं."

तो भिंतीवरल्या पाकोळीकडं बघत राहिला. मला वाटलं काठी उचलंल. उचलली असती तर बरं झालं असतं. वर बघितलं तर चेहरा रागाचा नव्हता. शरमल्यासारखा दिसत होता. त्यानं कशाला शरमायचं?

"झालं सांगून? समदं?"

"व्हय."

"बरं. आता ऐक. जून लागायच्या आत मला शाळेत हजर व्हायचंय. पायी चालता येत न्हाय तितपर्यंत सायकलीवर बसंन. उद्या गोठ्यात जा, दोन्ही सायकली नीट कर. पुढची दोन्ही चाकं उघड. दोन्ही. मग बोलू." थोडं थांबून म्हणाला, "लगेच बोललो असतो मी, गुरू. विहिरीवरच बोलणार हुतो. तुला काय म्हणायचं तेच सुचंना मला."

काय सुचंना, ते मला कळलं नाही. विहिरीवर काय होतं? विचारायचा धीर झाला नाही. कमलबाई घागर घेऊन आल्या.

गुरुवार, २५ मे. बेंबळी

त्याचं चाक उघडलं. ट्यूबला दगड लागून दोन भोकं, रिम वाकडी. टायर धडधाकट. आत चामडं नाही.

माझं उघडलं. तीन टाके उभे, एक आडवा. धागासुद्धा उसवलेला नाही.

धाराशिवला मी डोळे मिटून पूजेला बसलो होतो, बाहेर पान्याची खटखट होत होती. विहिरीवरच त्याला जोडा कळला होता; त्यानं त्याचं चाक परत घेतलं आणि मला चोर म्हणवेना त्याच्यानं.

त्याचा टायर शाबूत होता. उतारावर दगा कशानंच दिला नाही. मी जोडा घातलेल्या चाकावर बसून मागं येतोय हे त्याला ऐकू गेलं, म्हणून तो वळला.